लाल फुलांचं अस्तर

"लग्नात घोडा कापायचाच," कालमात भाऊजी उंबऱ्यातूनच म्हणाले. बूट अजून पायात होते. "व्याह्यांची मेंढ्यावर बोळवण करायची, ही आपल्या घराण्याची रीत नाही."

मी म्हटलं, "आधी बूट काढा. का गालिच्यावर चिखल घेऊन यायचं, ही घराण्याची रीत आहे?"

हे माझे थोरले दीर. नवरा गेल्यापासून या घरात शेवटचा शब्द आपला, असं त्यांनी ठरवून टाकलंय. मीही ऐकून घेते. मानत नाही, ती गोष्ट वेगळी.

मागोमाग जाऊबाई शैरबूबू आल्या. हातात गाठोडं. ते त्यांनी रजयांच्या चळतीवर असं ठेवलं, की आंधळ्यालाही दिसावं. "हा चापान. व्याह्यांच्या खांद्यावर घालायला, आमच्या घरचा आहेर. काळी मखमल, वर जरीचं काम. असा लांब अंगरखा आज बाजारात केवढ्याला पडतो, ते काही तुला सांगायला नको, झुराकान."

"मग नका सांगू," मी म्हटलं.

दुपारी सरोवराच्या पलीकडच्या काठावरून व्याही येणार होते, माझ्या मेरिमच्या लग्नाची तारीख धरायला. वसंतात येऊन ते तिच्या कानांत डूल घालून गेले, तेव्हाच पानगळीतलं लग्न ठरलं होतं. आणि पानगळीतच आमच्या कर्जाचा शेवटचा हप्ता होता. तो भरला की घराचा कागद बँकेतून सुटणार होता.

तो कागद तिथं कसा गेला, ते अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे, कारण अख्खं खोरं जेवून गेलं होतं. माझा नवरा मातीआड झाला, तेव्हा याच भाऊजींनी एक नाही, दोन घोडे कापायला लावले. मेलेला माणूस काही जेवत नाही, पण त्याच्या नावानं जेवणारे कुठून कुठून येतात! हाडं कुत्र्यांनी नेली आणि कर्ज तेवढं आमच्या दारात बसून राहिलं.

"हप्त्याचे पैसे तयार आहेत ना घरात?" भाऊजी बसता बसता म्हणाले. "त्यातून घोडा आणू. बँक काय पळून जाते? पुढच्या वर्षी भरा."

"बँक पळत नाही, भाऊजी. व्याज पळतं."

"एल्दियार!" त्यांनी माझ्या मुलाला हाक मारली. "तू घरचा कर्ता. तू बोल."

माझा एल्दियार गाडी चालवण्यात वाघ. डोंगरातल्या बर्फात भाड्याची व्हॅन नेतो नि आणतो. पण काकापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तो माझ्याकडं बघे, मग काकांकडं, मग चहाकडं.

"थोरले बाबा म्हणतात ते..." एवढं म्हणून तो थांबला.

"ते काय?" मी विचारलं.

"ऐकतोय, आपा." पोरं मला आईऐवजी आपाच म्हणतात.

"तू ऐकत राहा. तुझं ऐकणं बँकेला फार आवडतं."

चहाच्या भांड्यापाशी माझी सून बुरुल बसली होती. रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, नजर खाली. आमच्यात सुनेनं सासरच्या थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलायचं नाही. ती तिच्या रीतीप्रमाणं अर्धी अर्धी वाटी भरून पुढं करत होती. ते हप्त्याचे पैसे मात्र तिनंच वाचवलेले होते.

मी कुणाचं कौतुक सहसा करत नाही. पोटच्या पोरांचंही करत नाही, ती शेफारतात. पण ही मुलगी नारिनकडच्या एका मेंढपाळाच्या घरातून आली, आणि पहिल्याच हिवाळ्यात तिनं शेजारच्या दोन घरांशी बोलून भट्टी एकत्र पेटवायला सुरुवात केली. एका दिवशी आमच्याकडं, पुढच्या खेपेला त्यांच्याकडं. तिन्ही घरांची रोटी एकाच निखाऱ्यावर. कोळशाचा ढीग वसंतापर्यंत पुरला. मी आधी नाक मुरडलं होतं. लोक म्हणतील, यांच्याकडं सरपणही नाही. सासूला एने म्हणायची रीत पाळत बुरुल म्हणाली, "एने, लोकांनी विचारलं तर सांगा, शेजारणींशिवाय माझ्या सुनेला करमत नाही." आणि खरंच, आता गावात निम्म्या बायकांना तसंच करमेनासं झालंय.

घरात काही हवंसं वाटलं, की ती नाही म्हणत नाही. "पुढच्या बाजाराला घेऊ," म्हणते. मेरिमला निळी पर्स हवी होती, मला नवं किटलीचं झाकण, एल्दियारला गाडीत वाजवायला स्पीकर. पुढचा बाजार येईपर्यंत निम्म्या हौसा आपोआप मरतात. माझी झाकणाची मेली नाही, तेव्हा तिनं ते आणलं. एल्दियार रस्त्यावरच्या टपरीवर मांसाच्या सारणाची गरम मांती खायचा, रोजच्या रोज. तिनं फडक्यात रोटी, सुकं दही, उकडलेली अंडी बांधून दिली. बाकीच्या ड्रायव्हरांनी थट्टा केली, म्हणे बायकोनं शाळेत पाठवलंय. महिन्याभरात त्यातले तिघं आपापलं फडकं घेऊन याच्या शेजारी बसायला लागले.

आणि पाहुण्यांपुढं ठेवायच्या त्या कडक गोळ्या! चकाकत्या कागदातल्या. त्या कुणी खात नाही, पण जेवणाच्या दस्तरखानावर दिसल्या नाहीत तर चार गावं बोलतात. बुरुल त्या प्रत्येक वेळी मांडते आणि पाहुणे गेले की उचलून डब्यात ठेवते. त्या गोळ्या आता आमच्या सगळ्या नातेवाइकांना ओळखतात.

शैरबूबू त्याच गोळ्यांकडं बघत म्हणाल्या, "व्याही आल्यावर तरी काहीतरी नवं मांडा गं. नाहीतर म्हणतील, मुलगी कंजुषांच्या घरातली."

"मुलगी कर्ज नसलेल्या घरातली, असं म्हणू देत," मी म्हटलं. "तुमच्या गावात असं घर दाखवा एखादं."

"बघ!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "बोलण्यात हिला कोण हरवणार? पण मी आज व्याह्यांपुढं शब्द देणार. पानगळीत घोडा. सगळ्यांच्या देखत. मग बघू तू तो मागं कसा घेतेस."

आणि हे त्यांनी केलं असतं. व्याह्यांपुढं दिलेला शब्द मोडायचा म्हणजे मुलीच्या कपाळावर डाग. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

*

मेरिम भट्टीघरात बोरसोकच्या तळलेल्या पुऱ्या परडीत भरत होती. मी तिच्यापाशी गेले. म्हटलं, ही तरी आपल्या बाजूची असेल.

"आपा, घोडा कापू दे ना," ती म्हणाली.

"काय?"

"जन्मभर त्या घरात मी राहायचंय, तू नाही. त्यांच्याकडं तीन सुना आहेत. प्रत्येकीच्या माहेरी घोडा कापला. मी भांडी घासत असताना त्या बोलतील, हिच्या माहेरी मेंढा होता हं. मेंढा! आणि मला ऐकून घ्यावं लागेल, रुमाल ओढून."

मला तोंड नव्हतं असं नाही, पण पोरीचे डोळे भरले होते.

बुरुल पाणी घ्यायला आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मेरिमच्या हातातली परडी घेऊन ती म्हणाली, "माझ्या माहेरी घोडा कापला होता."

मेरिमनं वर बघितलं.

"माझ्या बापानं त्यासाठी कळप विकला. पहिल्याच वर्षी तो दुसऱ्याची मेंढरं राखायला गेला. अजून राखतो. इथं कुणाला आठवतं का तो घोडा?"

मेरिमनं नकारार्थी मान हलवली. मलाही तो घोडा आठवत नव्हता. मऊ होता की चिवट होता, तेही आठवत नव्हतं.

"तुझ्या जावा बोलतील," बुरुल म्हणाली, "घोडा असला तरी बोलतील. मग म्हणतील म्हातारा होता."

मेरिम रडता रडता हसली. पण तेवढ्यानं तिचं मन पुरतं वळलं नव्हतं. मला नंतर तिनंच सांगितलं, की बाहेर गाडीचा आवाज आला तेव्हाही ती मनात म्हणत होती, काकांनी शब्द द्यावा, देऊन टाकावा एकदाचा.

*

व्याही ताबाल्दी उंच, पाठीत जरा वाकलेले, पांढऱ्या फेल्टच्या टोपीत. विहीण गुलाइम बुटकी, हसरी. आणि हसऱ्या बायकांना मी आधी घाबरते, त्यांचं मन कळत नाही. दोघं मानाच्या जागी बसले. चहा झाला, मांस झालं, रीतीप्रमाणं मेंढ्याचं डोकं कापून ज्याचं त्याला वाटलं. तारीख धरली. जर्दाळूंवर बोलणं झालं, रस्त्यावर झालं, सरोवराचं पाणी किती मागं गेलंय त्यावर झालं. भाऊजी मोठ्यानं हसत होते. मला त्या हसण्यात घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या.

एल्दियार माझ्या शेजारी होता. त्यानं हळूच विचारलं, "आपा, मी मध्ये बोलू?"

"काय बोलशील?"

"तेच ठरत नाही."

"मग बोटं खाऊ नकोस, मांस खा."

मग पाहुण्यांच्या अंगावर आहेर घालायची वेळ आली. भाऊजी उठले. शैरबूबूंनी गाठोडं सोडलं. मखमल खरंच छान होती, खोटं का बोलू. भाऊजींनी चापान दोन्ही हातांनी धरून व्याह्यांच्या खांद्यावर चढवला, छाती पुढं काढली, घसा साफ केला.

"व्याही," ते म्हणाले, "आज मी सगळ्यांच्या देखत सांगतो. पानगळीत आम्ही..."

ताबाल्दींनी बाहीत हात घालायला कोपर वर उचललं. बगलेपाशी अस्तर उलटं झालं. आत काळ्या अस्तराला हातभर ठिगळ होतं, त्यावर मोठाली लाल फुलं.

गुलाइमचा चेहरा आधी पांढरा झाला, मग त्या फुलांसारखा. ताबाल्दींनी ठिगळाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, मग कालमात भाऊजींकडं. आणि मला सगळं कळलं. वसंतात डूल घालायला आले तेव्हा याच लोकांनी मुलीचा थोरला काका म्हणून भाऊजींच्या अंगावर जो चापान घातला होता, तोच हा. काळी मखमल, जरीचं काम. सगळे चापान एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, कोण ओळखतंय, असं भाऊजींना वाटलं असणार. घोडा आमच्या हप्त्यातून, आणि आहेर व्याह्यांचाच व्याह्यांना! मोठा वाडा, पोकळ वासे!

मला हसू फुटणार होतं. खरं सांगते, माझ्या जिभेवर शब्द तयार होता, आणि तो असा होता, की भाऊजींनी पुन्हा माझा उंबरा चढला नसता. भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्या क्षणी ते मला पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

"चूक माझी, बाबा."

व्याह्यांना उद्देशून आलेला हा आवाज बुरुलचा होता. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असा. घरात आल्यापासून इतक्या मोठ्यानं ती थोरल्यांपुढं बोललीच नव्हती.

"तुमचा चापान थोरल्या बाबांनी लग्नाच्या दिवशी घालायचा म्हणून जपून ठेवायला आमच्याकडं दिला होता. त्यांच्याकडं कसर फार. दोन्ही गाठोडी एकाच चळतीत होती. घाईत मी मोठ्या आईंच्या हातात भलतंच दिलं."

"आमच्याकडं कसर?" शैरबूबू उसळल्या. भाऊजींनी त्यांच्या हाताला असा चिमटा काढला, की पुढचे शब्द घशातच गेले.

"तुमच्यासाठीचा आणते," बुरुल म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

आत काय होतं? सगळी पेटी मला पाठ होती. जुने रुमाल, मेरिमच्या रजया, दोन शाली. चापान एकच होता. राखाडी लोकरीचा, तिनं अख्खा हिवाळा बसून शिवलेला, काठाला हातानं दोरा घातलेला. मेंढरं राखणाऱ्या बापासाठी. हप्ता संपला की त्याला जाऊन घालायचा, असं तिनं मला एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी विषय काढला नाही. बापाला तिनं लग्नापासून सुतळीचा तुकडासुद्धा नेला नव्हता.

ती तोच घेऊन बाहेर आली.

एल्दियार उठून उभा राहिला. "बुरुल," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो खाली बसला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं, पण या वेळी मी त्याला टोमणा मारला नाही.

"थोरल्या बाबांनीच घालायचा," असं म्हणत तिनं तो भाऊजींच्या हातात दिला.

भाऊजींनी तो हातात घेतला. अंगठ्यानं काठाचा दोरा चाचपला. हे बाजारचं काम नाही, हे मेंढपाळाच्या मुलालाही कळतं, आणि भाऊजी मेंढपाळाचेच मुलगे. कोणासाठी शिवलाय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण एल्दियारचं उठणं त्यांनी बघितलं होतं, आणि पुढं एकदा त्यांनी मला म्हटलं, "झुराकान, त्या चापानाला उंच माणसाची बाही होती. या घरात उंच कोण आहे?"

ताबाल्दींना तो अगदी बरोबर बसला.

मग गुलाइम हसायला लागली. आधी पदराआड हसावं तसं हातरुमालात, मग मोठ्यानं. "ती फुलं माझीच!" ती म्हणाली. "आता लपवून काय उपयोग! स्वयंपाकघराचा पडदा, विहीणबाई. अस्तर कमी पडलं आणि माणसं डूल घालायला निघालेली. म्हटलं, बगलेत कोण बघतंय!"

"चांगला पडदा होता," मी म्हटलं. "आमचा तर जाळी झालाय, तरी खिडकी सोडत नाही."

"उरलेला तुकडा आहे माझ्याकडं."

"पाठवा. मेरिमची रजई शिवतेय सून, ठिगळाठिगळाची."

मेरिम दारात उभी होती. तिच्या होणाऱ्या सासूनं तिच्याकडं वळून म्हटलं, "पोरी, तुझ्या वहिनीनं शिकवलंय का काही?"

"हो," मेरिम म्हणाली. मग जरा थांबून, "पुढच्या बाजाराला घेऊ, असं म्हणायला शिकवलंय."

गुलाइमला ते कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा तिनं नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "ऐका! हे वाक्य आपल्या घरी हुंड्यात येतंय!"

ताबाल्दी नवा चापान सारखा करत भाऊजींकडं वळले. "तुम्ही पानगळीचं काहीतरी म्हणत होता."

शैरबूबू नवऱ्याकडं बघत होत्या. मी बघत होते. बुरुल मात्र चहा ओतत होती.

भाऊजींनी टोपी काढली, परत घातली. "म्हणत होतो," ते म्हणाले, "पानगळीत आम्ही मेंढा कापू. एकच. पण लठ्ठ."

ताबाल्दींनी एवढा मोठा श्वास सोडला, की समोरच्या गोळीचा कागद हलला. "वाचवलंत," ते म्हणाले. "तुम्ही घोडा कापला असता तर आम्हाला दोन कापावे लागले असते. थोरल्याच्या लग्नातला घोडा मी अजून फेडतोय."

एल्दियारनं माझा हात धरला. लहानपणी बर्फातून चालताना धरायचा, तसा. घराचा कागद सुटला, हे बँकेच्या आधी मला त्या हातातून कळलं.

*

व्याह्यांची गाडी वळणाआड गेली. सरोवरावरून संध्याकाळचा गार वारा सुटला होता. शैरबूबू फाटकापाशी खोळंबल्या, "चला आता, काय खिळे ठोकलेत का पायांना?" म्हणून. भाऊजी हलेनात. बुरुल अंगणात गालिचा झटकत होती. ते तिच्यापाशी गेले. सुनेशी थेट बोलायचं म्हणजे या माणसाच्या दृष्टीनं केवढी पायरी उतरणं!

"तुझा बाप," ते म्हणाले, नजर सरोवराकडं ठेवून, "त्या व्याह्याएवढाच उंच आहे का?"

बुरुलचे हात थांबले. "त्याहून चार बोटं जास्त, थोरले बाबा."

"हं. मी कापड आणतो. मखमल. जरी."

"नको," ती पटकन म्हणाली, आणि मग सुनेला शोभेल असा आवाज लहान करून, "कापडाला पैसे घालू नका. लोकर आहे घरात, आमच्याच मेंढरांची. फक्त अस्तर नाही." तिनं नजर जराशी वर केली, भाऊजींच्या अंगातल्या कोटाच्या कडेपर्यंत. "तुमच्या कोटाचं अस्तर अजून चांगलं आहे. बाहेरचं कापड मात्र कोपरात गेलंय."

"काय मागतेय ही!" शैरबूबू फाटकातून ओरडल्या. "तो कोट त्यांचा लग्नातला आहे!"

"म्हणूनच कोपरं गेली," मी म्हटलं.

भाऊजींनी कोपर वळवून बघितलं. मग कोटाची गुंडी काढली. दुसरी काढली. खिशातली चष्म्याची डबी आणि सुट्टे पैसे माझ्या हातात दिले, कोट उलटा करून अस्तर उजेडात धरलं, फुंकर मारली, आणि घडी घालून बुरुलच्या हातात ठेवला.

गावाच्या रस्त्यानं ते नुसत्या सदऱ्यावर घरी गेले, काकडत, ताठ मानेनं. शैरबूबू मागून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होत्या. भाऊजींनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.